कंपनी विकत घेण्यापूर्वीचे काम: विलीनीकरण-संपादन सल्लागाराचा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत

विलीनीकरण किंवा संपादनाच्या बातमीत दोनच तारखा ठळक दिसतात, घोषणेची आणि पूर्ततेची. एचडीएफसी लिमिटेडचे एचडीएफसी बँकेतील विलीनीकरण ४ एप्रिल २०२२ रोजी जाहीर झाले आणि १ जुलै २०२३ पासून अमलात आले. एचडीएफसीच्या २५ समभागांमागे बँकेचे ४२ समभाग हे प्रमाण सर्वांना ठाऊक झाले. परंतु मधल्या जवळजवळ पंधरा महिन्यांत रिझर्व्ह बँक, शेअर बाजार, भारतीय स्पर्धा आयोग आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण यांच्यापुढे जे कागद गेले, ते तयार करण्यात किती जणांचे दिवस खर्ची पडले, हे बातमीत येत नाही. सल्लागाराचे काम त्या मधल्या काळातले असते. शिवाय एवढे अवाढव्य व्यवहार थोड्यांच्याच वाट्याला येतात. बहुतेकांचा दिवस कुटुंबाच्या मालकीची, शे-दोनशे कोटींची एखादी खासगी कंपनी तपासण्यात जातो, आणि या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या सनदी लेखापालाने किंवा एमबीए झालेल्या तरुणाने तोच दिवस आधी समजून घ्यावा.

म्हणून येथे एक काल्पनिक पण नेहमी भेटणारे उदाहरण घेतले आहे. खरेदीदार ही वाहनांचे सुटे भाग बनवणारी सूचिबद्ध कंपनी आहे. विक्रेता म्हणजे चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील फोर्जिंग आणि मशिनिंगचा कारखाना चालवणारे कुटुंब. आणि सल्लागारांचा चार-पाच जणांचा चमू मुंबईत बसून खरेदीदारासाठी आर्थिक ड्यू डिलिजन्स, म्हणजे खरेदीपूर्वीची हिशेबांची तपासणी, करीत आहे. काम चार आठवड्यांचे असून आपण दुसऱ्या आठवड्यातला दिवस पाहणार आहोत, कारण पहिला आठवडा कागदांची वाट पाहण्यात आणि शेवटचा अहवाल लिहिण्यात जातो. निर्णय ज्यावर ठरतो ते काम या मधल्या दिवसांत होते.

दिवसभर डोक्यात ठेवायची कसोटी

तपासणीत सापडलेल्या प्रत्येक बाबीचे शेवटी काहीतरी व्हावे लागते. एक तर ती किमतीत उतरते. किंवा कर्जासारखी देणी म्हणून किमतीतून वजा होते. किंवा तिच्यासाठी शेअर खरेदी करारात विक्रेत्याकडून भरपाईची हमी घेतली जाते. किंवा व्यवहार पूर्ण होण्याआधी विक्रेत्याने ती निस्तरावी अशी पूर्वअट घातली जाते. नाहीतर ती क्षुल्लक ठरवून सोडून दिली जाते. नवखे सल्लागार सोडून द्यायला घाबरतात आणि ऐंशी पानी अहवालात साठ हजारांच्या फरकावर परिच्छेद लिहितात. सल्लागाराचा ग्राहक, म्हणजे येथे खरेदीदार, तो वाचत नाही. म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी व्यवहाराच्या आकाराप्रमाणे एक रक्कम ठरवून घ्यावी आणि तिच्या खालच्या बाबी, त्यांत गैरव्यवहाराचा वास येत नसेल तर, बाजूला ठेवाव्यात.

सकाळी साडेआठ ते दहा: डेटा रूम आणि माहितीची यादी

विक्रेत्याचे लोक बहुधा रात्री कागद चढवतात, त्यामुळे सकाळचे पहिले काम म्हणजे व्हर्च्युअल डेटा रूममध्ये, म्हणजे कागद ठेवण्याच्या सुरक्षित ऑनलाइन जागेत, काल रात्रीपासून नवीन काय आले ते पाहणे. आलेली प्रत्येक फाइल आपण मागितलेल्या माहितीच्या यादीशी ताडून ‘मिळाले’, ‘अर्धवट मिळाले’, ‘मिळाले नाही’ किंवा ‘लागू नाही’ असा शेरा द्यावा. यांतला ‘अर्धवट’ हा शेरा सर्वांत महत्त्वाचा, कारण तीन वर्षांची मासिक तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी, ट्रायल बॅलन्स) मागितलेली असताना दोन वर्षांची वार्षिक तेरीज आली आणि कोणी घाईत ‘मिळाले’ लिहून मोकळे झाले, तर ही उणीव तिसऱ्या आठवड्यात उघडकीस येते. तेव्हा विक्रेत्याचा लेखाधिकारी योग्यच म्हणतो की, तुमच्या यादीत तर ती बाब बंद झालेली आहे.

मध्यम आकाराच्या कंपन्यांचे हिशेब अजूनही मोठ्या प्रमाणावर टॅलीत असतात. तेरीज पीडीएफमध्ये स्वीकारू नये. एक्सेलमध्ये, महिनावार आणि खातेवार मागावी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नोंदींतील प्रत्येक बदलाची खूण ठेवणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे आणि त्याविषयी लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात लिहावे लागते. तो परिच्छेद सकाळीच वाचून घ्यावा. ‘वर्षाचा काही काळ ही सुविधा बंद होती’ असे त्यात असेल, तर त्या काळात हाताने टाकलेल्या नोंदी, विशेषतः महिनाअखेरच्या, वेगळ्या काढून तपासाव्यात.

खरेदीदार सूचिबद्ध असल्यामुळे गोपनीयतेची बाब केवळ गोपनीयता करारापुरती राहत नाही. संपादनाची बातमी ही अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती ठरू शकते आणि सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार ती कोणाकोणाला दिली याची नोंद पॅनसह ठेवावी लागते. चमूत नवीन माणूस आला की त्याचे नाव त्या नोंदीत आधी जावे आणि फाइल नंतर त्याच्या हाती पडावी. व्यवहाराला सांकेतिक नाव दिलेले असते ते शोभेसाठी नव्हे. चर्चगेटच्या लोकलमध्ये फोनवर बोलतानाही तेच वापरावे, आणि खरे तर तेथे बोलूच नये.

साडेनऊला चमूची बैठक होते. ती पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नये. ‘काल काय केले’ याचे पाढे वाचण्याऐवजी कोणती बाब किंमत बदलू शकते आणि तिच्यासाठी आज कोणता कागद हवा, एवढेच प्रत्येकाने सांगावे.

दहा ते दीड: नफा खरा किती

सकाळचे हे साडेतीन तास दिवसातले सर्वांत मोलाचे असतात. त्यांत शक्यतो कोणताही कॉल लावू नये. काम दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा विक्री पडताळण्याचा आहे. पुस्तकातील मासिक विक्री, जीएसटीआर-१ व जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्रांतील उलाढाल आणि २६एएस (प्राप्तिकर खात्याकडील करकपातीचे वार्षिक विवरण) हे तीन स्रोत एका तक्त्यात शेजारी मांडावेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १९४क्यू १ जुलै २०२१ पासून लागू झाले. ज्यांची उलाढाल १० कोटींहून अधिक आहे असे खरेदीदार त्यानुसार ५० लाखांवरच्या मालखरेदीवर ०.१ टक्का कर कापतात. याचा अर्थ असा की, आपल्या कारखान्याने कोणत्या वाहन कंपनीला किती माल विकला, याची त्या वाहन कंपनीने स्वतः दिलेली आवृत्ती २६एएसमध्ये आयती मिळते. फरक निघणारच, डेबिट नोटा, जॉबवर्कची बिले, आगाऊ रकमा, वर्षअखेरीस रस्त्यात असलेला माल ही त्याची साधी कारणे असतात. फरकाचे कारण सांगता येत नाही तेथे थांबावे.

दुसरा टप्पा एबिटडा सामान्य पातळीवर आणण्याचा. व्याज, कर आणि घसारा यांपूर्वीचा हा नफा विक्रेत्याच्या पुस्तकात २४ कोटी दिसतो आणि किंमत त्याच्या आठ पटींनी, म्हणजे १९२ कोटी ठरते आहे, असे समजू. आता एकेक थर काढू. मालक, त्यांचे बंधू आणि पुढची पिढी मिळून वर्षाला १.८ कोटी वेतन घेतात, परंतु त्यांच्या जागी व्यावसायिक व्यवस्थापक नेमल्यास १.१ कोटी लागतील; म्हणून ०.७ कोटी मिळवावेत. शेजारच्या भूखंडावरील शेड कुटुंबाच्या एचयूएफच्या (हिंदू अविभक्त कुटुंबाच्या) नावे आहे आणि कंपनी तिचे भाडे वर्षाला अवघे १० लाख देते. बाजारभावाने ते १.३ कोटी होईल, म्हणून १.२ कोटी वजा करावेत. मार्चमध्ये कारखान्याच्या एका मोठ्या ग्राहकाने पोलादाच्या दरवाढीपोटी मागील दोन वर्षांचा २.४ कोटींचा दरफरक मंजूर केला आणि तो सगळा याच वर्षाच्या विक्रीत घेतला गेला, तोही वजा. राज्य शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेखालील औद्योगिक प्रोत्साहन अनुदानाचे १.५ कोटी उत्पन्नात धरले आहेत, पण पात्रतेचा कालावधी या वर्षी संपला. पुढे ते मिळणार नाहीत, म्हणून वजा. उरले १९.६ कोटी. आठ पटींनी किंमत १५६.८ कोटी येते, म्हणजे ३५.२ कोटींचा फरक पडतो.

या गणितात कोणी खोटे बोललेले नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रत्येक नोंद कायदेशीर आहे आणि लेखापरीक्षकाने तपासलेली आहे. वैधानिक लेखापरीक्षण मागच्या वर्षाचे हिशेब बरोबर आहेत की नाहीत ते पाहते, तर सल्लागाराला नवीन मालकाच्या हाती पुढे किती नफा येईल हे पाहायचे असते. दरफरकाच्या बाबतीत उलट बाजूही तपासावी: ग्राहकाकडून दरकपातीच्या मागण्या प्रलंबित आहेत काय, आणि असल्यास त्यांची तरतूद झाली आहे काय? वाहन उद्योगात पोलाद उतरले की तसे पत्र येतेच, फक्त विक्रेता त्याची फाइल डेटा रूममध्ये आपणहून ठेवत नाही.

जेवण बहुतेक वेळा टेबलावरच होते, आणि याची सवय लावून घेऊ नये असे प्रत्येक वरिष्ठ सांगतो आणि स्वतः तसेच जेवतो.

दुपार: व्यवस्थापनाशी चर्चा

अडीच वाजता विक्रेत्याच्या लेखाप्रमुखांशी कॉल ठरलेला आहे. प्रश्न आदल्या संध्याकाळी लेखी पाठवलेले असावेत. ऐनवेळी प्रश्न टाकून समोरच्याला पकडण्यात काही साधत नाही, कारण तो ‘बघून सांगतो’ म्हणतो आणि दिवस वाया जातो. प्रश्न मत विचारणारा नसावा, कागद मागणारा असावा. दरफरकाचेच उदाहरण घेऊ.

“साहेब, मार्चमध्ये २ कोटी ४० लाखांची दरफरकाची नोट दिसते. ती कोणत्या कालावधीच्या पुरवठ्याची आहे?”

“अहो, ती येतच असते. धंद्याचाच भाग आहे तो.”

“बरोबर आहे. मग आधीच्या दोन वर्षांत आलेल्या अशा नोटा आणि या नोटेसोबतचे ग्राहकाचे भागवार पत्रक, दोन्ही उद्यापर्यंत मिळतील का?”

येथे ‘हे उत्पन्न या वर्षाचे नाही’ असे म्हणून वाद घातलेला नाही. भागवार पत्रकात प्रत्येक सुट्या भागाचा जुना दर, नवा दर आणि लागू तारीख असते. ते आले की उत्तर आपोआप मिळते, आणि ते विक्रेत्याच्याच कागदातून आल्यामुळे पुढे वाटाघाटीत कोणी ते नाकारू शकत नाही. मालकांशी बोलताना आणखी एक पथ्य पाळावे. ज्यांनी तीस वर्षे कारखाना उभा केला त्यांच्यासमोर ‘समायोजन’, ‘वजावट’ असे शब्द सल्लागाराने उच्चारू नयेत आणि किमतीविषयी तर चकार शब्द काढू नये. तो अधिकार खरेदीदाराचा आणि त्याच्या बँकरचा आहे. कॉल संपल्यावर तासाभरात काय ठरले याचा ईमेल जावा. दुसऱ्या दिवसावर टाकलेले टिपण अपुरे उतरते.

ज्या दिवशी कारखान्याला भेट असते, त्या दिवशी हा सगळा क्रम मोडतो आणि पहाटे चाकणची वाट धरावी लागते. भेटीत यंत्रे पाहून भारावून जाण्यापेक्षा चार-दोन गोष्टी नेमक्या पाहाव्यात. डाय, म्हणजे भाग घडवण्याचे साचे, ठेवण्याच्या रॅकवर प्रत्येक डायवर कोणाच्या मालकीची खूण आहे ते पाहावे, कारण बऱ्याच डाय ग्राहकाच्या पैशांतून बनलेल्या असतात, त्यापोटी घेतलेली आगाऊ रक्कम पुस्तकात देणे म्हणून पडून असते आणि कधीकधी त्याच डाय कंपनीच्या मालमत्तेतही मोजलेल्या असतात. धूळ बसलेला माल कोणत्या मॉडेलचा आहे ते विचारावे. ते मॉडेल बंद झाले असेल तर त्या साठ्याची किंमत भंगाराची. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात मंजूर केलेले उत्पादन आणि प्रत्यक्ष उत्पादन यांची तुलना करावी. वाढलेल्या कारखान्यांत मंजुरी मागे राहिलेली असते, आणि ही बाब किमतीत न घेता पूर्वअटीत घालावी. एमआयडीसीचा भूखंड मालकीचा नसून भाडेपट्ट्याचा, सामान्यतः ९५ वर्षांचा असतो. भागधारणा बदलली तरी महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते काय, हे भाडेपट्ट्याची कलमे वाचूनच ठरवावे. हे काम वकिलांचे खरे, पण शुल्काचा आकडा आर्थिक चमूनेच मागून घ्यावा.

साडेचार ते सहा: वकील आणि करसल्लागार यांच्याबरोबर व्यवहाराचा आराखडा

समभाग विकत घ्यावेत, कारखाना एकगठ्ठा विक्रीने घ्यावा की कंपनी विलीन करावी, हा प्रश्न करार लिहिण्याच्या आधी सुटला पाहिजे. समभाग खरेदीत मुद्रांक शुल्क अवघे ०.०१५ टक्के लागते आणि परवाने, कामगार, ग्राहकांचे करार जागच्या जागी राहतात. पण जुनी सगळी देणी आणि करविवादही सोबत येतात. शिवाय खासगी कंपनीतील ४९ टक्क्यांहून अधिक मतदानाचे समभाग हस्तांतरित झाले, तर १९६१ च्या कायद्यातील कलम ७९ नुसार साचलेला व्यावसायिक तोटा पुढे नेता येत नाही. नफ्याअभावी वजा करता न आलेला घसारा मात्र टिकतो. एकगठ्ठा विक्रीत हवे तेवढेच घेता येते, परंतु जमिनीचे मुद्रांक शुल्क अंगावर येते आणि अनेक परवाने नव्याने काढावे लागतात. विलीनीकरणासाठी कंपनी कायदा, २०१३ ची कलमे २३० ते २३२ आणि न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. त्या आदेशावरही मुद्रांक शुल्क बसते, हे महाराष्ट्रातूनच गेलेल्या हिंदुस्थान लिव्हरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले आहे. नवीन प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्यामुळे टिपणात कोणत्या वर्षासाठी कोणत्या कायद्याचे कलम लावले ते प्रत्येक ठिकाणी लिहावे.

स्पर्धा आयोगाची बाब या आकाराच्या व्यवहारात लवकर आटोपते. लक्ष्य कंपनीची भारतातील मालमत्ता ४५० कोटींपर्यंत किंवा उलाढाल १,२५० कोटींपर्यंत असेल, तर सामान्यतः पूर्वसूचनेतून सूट मिळते. वकिलांकडून तसे लेखी घेऊन पुढे जावे.

संध्याकाळ: निव्वळ कर्ज, खेळते भांडवल आणि खरेदीदाराशी कॉल

बँकेचे कर्ज सर्वांना दिसते. सल्लागाराने त्याच्याखाली दडलेले शोधायचे असते. आपल्या उदाहरणात निधी बाजूला न काढलेली ग्रॅच्युइटीची देणी २.१ कोटी, नवीन यंत्रांच्या पुरवठादारांचे थकलेले १.६ कोटी, डायपोटी घेतलेली आगाऊ रक्कम ०.९ कोटी आणि परतीची जबाबदारी कंपनीवरच ठेवून (ग्राहकाने पैसे न दिल्यास तिनेच भरायचे) वटवलेली बिले ३.२ कोटी, असे एकूण ७.८ कोटी निघतात. ‘ट्रेड्स’ या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर वटवलेल्या बिलांत पुरवठादारावर परतीची जबाबदारी नसते, म्हणून ती या बेरजेत सरसकट ओढू नयेत. विक्रेत्याचा सल्लागार तेथेच आपल्याला अडवेल आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल.

पूर्ततेच्या दिवशी खेळते भांडवल ठरलेल्या पायाभूत पातळीहून जेवढे जास्त किंवा कमी, तेवढी किंमत वाढते किंवा घटते; ही पातळी ठरवताना बारा महिन्यांची सरासरी घ्यावी. सरासरी ३१ कोटी असताना विक्रेता मार्चअखेरचे २६ कोटी ही पातळी सुचवतो, आणि पूर्ततेच्या दिवशी नेहमीचे ३१ कोटी असले, तर खरेदीदाराला विनाकारण ५ कोटी जादा मोजावे लागतात. मार्चचा आकडा दोन्ही बाजूंनी वाकलेला असू शकतो. एकीकडे ग्राहकांकडून वसुली पुढे ओढलेली असते, तर दुसरीकडे सूक्ष्म व लघु उद्योगांची थकबाकी वेळेत न दिल्यास त्या वर्षी वजावट नाकारणाऱ्या, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ४३बी(एच) मुळे अनेक कंपन्या ३१ मार्चपूर्वी त्यांची देणी चुकती करतात. महिनावार आलेखात हे दोन्ही उठून दिसते.

साडेसहाला ग्राहकाशी, म्हणजे खरेदीदाराशी, कॉल असतो. त्याच्यापुढे पंचवीस मुद्दे ठेवू नयेत. पाच ठेवावेत, आणि प्रत्येकाची रक्कम, आधार आणि उपाय सांगावा. ‘दरफरकाच्या उत्पन्नाविषयी चिंता आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘२.४ कोटींचा दरफरक मागील दोन वर्षांचा असून तो वगळल्यास किंमत १९.२ कोटींनी खाली येते. भागवार पत्रक उद्या येणार आहे. आजच्या आकड्यावर प्रस्ताव देऊ नये’ हे वाक्य ग्राहकाच्या संचालक मंडळापुढे जसेच्या तसे वाचता येते.

आठनंतर

रात्रीच्या कामात सर्वांत दुर्लक्षित पण किमती काम म्हणजे वकिलांनी पाठवलेल्या कराराच्या मसुद्यातील व्याख्या आपल्या तक्त्याशी ताडणे. अहवालात ग्रॅच्युइटी कर्जात धरली आणि करारातील ‘कर्ज’ या व्याख्येत ती आलीच नाही, तर २.१ कोटी हातचे जातात. अहवाल कितीही चांगला असला तरी पैसे करारावर मिळतात. म्हणून नमुना आकडेमोड परिशिष्टात जोडण्याचा आग्रह धरावा आणि त्यातली प्रत्येक ओळ तेरजेतील खात्याच्या नावाशी जोडून द्यावी.

लॅपटॉप मिटण्यापूर्वी मुद्द्यांची यादी अद्ययावत करून प्रत्येक मुद्द्यापुढे उद्याचा जबाबदार माणूस लिहावा, विक्रेत्याला उद्याचे प्रश्न पाठवावेत, आणि एक्सेलची बेरीज अहवालातील आकड्याशी जुळते काय हे स्वतः न करता दुसऱ्याकडून तपासून घ्यावे, कारण रात्री दहा वाजता स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. तीनदा मागूनही जो कागद आलेला नाही, त्याची नोंद आजच्याच तारखेने अहवालाच्या मर्यादांच्या प्रकरणात करावी आणि त्या विषयावरची हमी करारात मागण्यासाठी वकिलांना तेवढाच ईमेल रात्रीच पाठवावा. सकाळी त्यांची मसुद्याची पुढची आवृत्ती निघते.